पहिला हप्ता चवथीआधी द्या

प्रति,
गोव्यात विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीच्या फायली ज्यांच्या टेबलावरून जातात ते सर्व सचिव, संचालक, लेखाधिकारी आणि कॉलेजांतले नोडल अधिकारी यांस,

सविनय नमस्कार.

मी सत्तरी तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. शाळा सुटली की आमच्या संगणकाच्या खोलीत आणखी एक वर्ग भरतो. आमच्याकडून दहावी होऊन गेलेली मुलं दाखले, पासबुकं आणि मोबाईल घेऊन येतात आणि आम्ही काही शिक्षिका त्यांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देतो. हे काम आम्हाला कुणी सांगितलेलं नाही. गावात हे करणारं दुसरं कुणी नाही, एवढंच.

परवा एक माजी विद्यार्थिनी आली. एम.एस्सी.चं पहिलं वर्ष पहिल्या वर्गात पास. दुसऱ्या वर्षाची फी भरायची तारीख लागली आहे. तिने विचारलं, "टीचर, एक वर्ष ड्रॉप घेतला तर चालतो काय?" एका औषध कंपनीत पॅकिंगचं कंत्राटी काम तिला मिळतंय. गेल्या वर्षीची शिष्यवृत्ती अजून आलेली नाही. पोर्टलवर तिच्या अर्जापुढे 'प्रक्रियेत आहे' एवढंच दिसतं. कॉलेज म्हणतं, आम्ही पुढे पाठवलं. खातं म्हणतं, वरून निधी आला नाही. वर म्हणजे कुठे, हे कुणी सांगत नाही.

खात्याचं आणि कॉलेजचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नाव छापलं की दुसऱ्या दिवशी खुलासा येतो, त्या एका मुलीचे पैसे जमा होतात आणि विषय मिटतो. तिच्यामागे रांगेत उभ्या असलेल्यांचं मग कोण बघणार?

माझा या विषयाशी काय संबंध, तेही सांगते. माझ्या बाबांचा खनिज वाहतुकीचा ट्रक होता. म्हणजे कागदावर बाबांचा, हप्ते बँकेचे. सप्टेंबर २०१२ मध्ये, चवथ म्हणजे गणेश चतुर्थी अगदी तोंडावर असताना, राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते, भाऊ शाळेत. घरात खर्च कापायची गोष्ट निघाली तेव्हा पहिलं नाव माझ्या कॉलेजचं आलं. यात कुणाला वाईट म्हणायचं कारण नाही. बँकेचा हप्ता थांबवता येत नाही, मुलीचं कॉलेज थांबवता येतं.

ते थांबलं नाही, कारण शिष्यवृत्ती वेळेवर आली. आमच्या कॉलेजच्या ऑफिसात एक हेडक्लार्क बाई होत्या. नोटीस चिकटवून त्या मोकळ्या झाल्या नाहीत. वर्गात आल्या, फळ्यावर दाखल्यांची यादी लिहिली, खाणपट्ट्यातल्या गावांची मुलं कोण ते विचारून नावं घेतली आणि मामलेदार कचेरीत फोन करून सगळ्यांना एकाच दिवशी बोलावून घेतलं. नाताळच्या सुट्टीआधी चेक हातात पडला. रक्कम मोठी नव्हती. फी भागली, बसचा पास निघाला, जर्नलं आणि प्रॅक्टिकलचा कोट आला. त्या बाईंनी नियमाबाहेर काहीही केलं नव्हतं. होता तो नियम त्यांनी तारखेच्या आत पाळला.

पुढची गोष्ट तुम्ही लक्ष देऊन वाचावी अशी माझी विनंती आहे, कारण शिष्यवृत्तीने घर कसं बदलतं ते जाहिरातीतल्या हसऱ्या फोटोवरून कळत नाही. बाबांनी ट्रक मिळेल त्या भावात विकला. खाणी थोड्याफार सुरू झाल्या तेव्हा ते दुसऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून जाऊ लागले. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणींच्या लीजचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चात सगळं पुन्हा ठप्प झालं. बाबा पुन्हा घरी. पण या खेपेला मी पदवी आणि बी.एड. करून एका शाळेत लेक्चर बेसिसवर शिकवत होते. पगार थोडा होता, पण होता. भावाचं आयटीआय चालू राहिलं. आईच्या अंगावरचं काही मोडावं लागलं नाही. तोच घाव, तेच घर, मध्ये फक्त साडेपाच वर्षं गेलेली. पहिल्या वेळी आम्ही आडवे झालो होतो, दुसऱ्या वेळी बसलेल्या जागेवरून उठलो.

मी कायम झाले तेव्हा आणखी एक बदल झाला, जो कुठल्याच योजनेच्या पत्रकात नसतो. मी जामीन राहू शकते. आमच्या वाड्यावर तोवर पगाराची स्लिप असलेलं माणूस नव्हतं. सोसायटीत कर्ज मागायला गेलं की पहिला प्रश्न: जामीन कोण? आणि तिथेच गोष्ट संपायची. भावाने वायरिंगची कामं स्वतः घ्यायला सुरुवात केली तेव्हा सामानाच्या कर्जाला माझी सही लागली. शेजारच्या काकींच्या दोन म्हशीही माझ्या सहीवर आल्या आहेत, आणि त्यातली एक फार मारकी आहे याचा दोषही माझ्याकडेच येतो. चेष्टा सोडा, पण एका मुलीच्या तीन वर्षांच्या शिष्यवृत्तीतून सरकारला हे सगळं परत मिळालं आहे. हिशेब मांडायचाच असेल तर असा मांडा.

आता तक्रारी. सगळ्यात मोठी तक्रार उशिराची आहे, म्हणून तिच्यावर जास्त लिहिते.

'आधी फी भरा, शिष्यवृत्ती आल्यावर परत मिळेल' ही सूचना कॉलेजांच्या फलकावर दर वर्षी लागते. ज्याच्याकडे आधी भरायला पैसे आहेत त्याला ही सूचना चालते. ज्याच्यासाठी योजना आहे त्याच्याकडे ते नसतात, म्हणून तर योजना आहे! वर सांगितलेल्या मुलीच्या घरी वडील दुसऱ्याची काजूची बागायत मक्त्याने घेतात. फेब्रुवारी ते मे चार पैसे हातात, नंतर पावसाळाभर मिळेल ती मजुरी. आई महिला मंडळातर्फे शाळेचं माध्यान्ह भोजन शिजवते आणि त्या बिलाची वाट बघण्यातही तिचे महिने जातात. म्हणजे एकाच घरात आई आणि लेक दोघी सरकारी बिलाची वाट बघत बसलेल्या. फी, चौघींत मिळून घेतलेल्या खोलीचं आगाऊ भाडं आणि पहिल्या दोन महिन्यांची मेस यासाठी आईने गंठण सोसायटीत ठेवून तीस हजार काढले. बारा टक्क्यांनी वर्षाचं व्याज ३,६०० रुपये. उशीर सरकारने करायचा आणि व्याज तिच्या आईने भरायचं. शिष्यवृत्ती उद्या आलीच तर तिचा एक वाटा सरळ या व्याजात जाणार. वरातीमागून घोडं आलं तरी ते घोडं फुकट नसतं, त्याचं भाडं नवऱ्याच्या बापालाच भरावं लागतं.

'वरून निधी आला नाही' हे उत्तरही तपासून बघायला हवं. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत आता केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के आहे आणि राज्याने आपला वाटा विद्यार्थ्याच्या खात्यात टाकल्यावर मग केंद्राचा सुटतो. तेव्हा पुढच्या वेळी कुणी 'वरून' म्हणालं तर आमचा साधा प्रश्न असेल: आपला वाटा कुठल्या तारखेला टाकला?

जुन्या काळी हे जमत होतं. साखवाळच्या धर्मानंद कोसंबींना सयाजीराव गायकवाडांनी महिना ५० रुपये देऊ केले. अट एवढीच की महाराष्ट्रात कुठेही राहा आणि वर्षाला एक पुस्तक बडोदा संस्थानासाठी लिहा. दर जूनला उत्पन्नाचा नवा दाखला आणा असं महाराजांनी म्हटल्याचं ऐकिवात नाही. माशेलात जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर मुंबईत आईच्या कष्टांवर वाढले. मॅट्रिकनंतर सर दोराबजी टाटा ट्रस्टची महिना ६० रुपयांची शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. तो मुलगा पुढे देशाच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचा महासंचालक झाला. भाषणांत आपण माशेलकरांचं नाव अभिमानाने घेतो. त्या साठ रुपयांतला महत्त्वाचा शब्द मात्र 'महिना' होता, तो आपण गाळतो. खोलीचं भाडं महिन्याला द्यावं लागतं, मेस महिन्याला, पास महिन्याला. शिष्यवृत्ती तेवढी वर्षाच्या शेवटी एकगठ्ठा, आणि तीही नशीब असेल तर.

दुसरी तक्रार दाखल्यांची. उत्पन्नाचा दाखला दर वर्षी नवा. काजूच्या मजुराचं उत्पन्न शेवटी अंदाजानेच लिहिलं जातं हे तलाठ्यालाही माहीत आहे आणि मामलेदारालाही. मग तोच अंदाज दर वर्षी नव्याने काढायला एका माणसाची मजुरी का बुडवायची? त्यात नावांचा घोळ. आडनाव एकच, पण रोमी अक्षरांत आधारवर एका तऱ्हेने, शाळेच्या दाखल्यावर दुसऱ्या आणि वडिलांच्या मतदार कार्डावर तिसऱ्या. यातली एकही चूक मुलाने केलेली नाही. टाईप करणाऱ्याने केली. दुरुस्तीला प्रतिज्ञापत्र, नोटरी, तालुक्याची फेरी हे सगळं मात्र मुलाच्या अंगावर.

बँक खात्याचा गोंधळ तर शिकलेल्यांनाही कळत नाही. पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात जातात असं सगळे समजतात. आधारवर आधारित थेट जमा असेल तर ते आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. आमच्या एका मुलाने पूर्वी गावात आलेल्या कुणाच्या तरी शिबिरात एक खातं उघडलं होतं आणि विसरला होता. शिष्यवृत्ती तिथे जाऊन पडली. इकडे तो पैसे आले नाहीत म्हणून कॉलेज सोडून हॉटेलात वेटर म्हणून लागला. खात्यात पैसे आहेत हे कळलं तेव्हा हजेरी भरण्यासारखी राहिली नव्हती. जमा झालं हे सरकारी खात्याच्या संगणकावर दिसत होतं. ते बघून मुलाला एक फोन करणं कुणाचंच काम नव्हतं.

अर्ज 'सदोष' ठरवून परत पाठवला जातो तेव्हाही तेच. संदेश जातो घरच्या मोबाईलवर. त्याचा रिचार्ज संपलेला असतो किंवा घरात रेंज नसते. दुरुस्तीची मुदत संपते आणि अर्ज आपोआप बाद.

उत्पन्नाच्या मर्यादेवर थोडं. केंद्राच्या मॅट्रिकोत्तर योजनांत ती वर्षाला अडीच लाख आहे, म्हणजे महिन्याला २०,८३३ रुपये. वडील सिक्युरिटी गार्ड आणि आई दुकानात कामाला असली की घर त्यावर जातं आणि 'सधन' होतं. गोव्यात भाडी आणि बाजार पर्यटकांच्या खिशाप्रमाणे चालतात, दरडोई उत्पन्नात आपलं राज्य देशात वरच्या रांगेत आहे. त्या सरासरीत आमच्या वाड्यावरची माणसंही मोजली जातात, पण त्यातलं त्यांच्या वाट्याला काही येत नाही. गुणवत्तेवर मिळणारी केंद्राची कॉलेज शिष्यवृत्ती साडेचार लाखांपर्यंतच्या घरांना चालते, पण पदवीच्या वर्षांना ती १२,००० रुपये आहे, महिन्याला हजार. त्यात खोलीतली खाटही मिळत नाही. आणि मुलगी रोज घरून ये-जा करेल म्हणावं तर वाळपईहून पणजी दीड-दोन तास, पुढे गावाची शेवटची बस सुटली की काय करायचं हे तिच्या आईला विचारा. मुली पदवीपर्यंत शिकतात आणि एम.एस्सी.ला थांबतात, त्यामागे पुष्कळदा हुशारीचा प्रश्न नसतो, शेवटच्या बसचा असतो.

तुमची बाजू मला दिसत नाही असं नाही. खोटे दाखले जोडणारे आहेत, जमीनजुमला असून उत्पन्न कमी दाखवणारे आहेत. आम्ही त्यांना ओळखतो, गावात लपत नाही. तपासणी हवीच. तुमच्याकडे माणसं कमी आहेत, एका कारकुनाच्या माथी शेकडो अर्ज येतात हेही खरं. पण तपासणीला लागणाऱ्या वेळेचा भार कुणी उचलायचा हा निर्णय तुमच्या हातात आहे. आज तो सगळा ज्याच्याकडे सगळ्यात कमी आहे त्याच्या डोक्यावर टाकला आहे.

म्हणून मागण्या.

शिष्यवृत्तीला पात्र मुलांकडून प्रवेशाच्या वेळी फी घेऊ नका. अनुसूचित जातींच्या केंद्रीय योजनेत फ्रीशिप कार्डाची सोय आहे. ते दाखवलं की आगाऊ फी न भरता प्रवेश मिळावा, असा तिचा अर्थ. तशीच सोय राज्याने अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतल्या सगळ्या मुलांना द्यावी आणि कॉलेजचे पैसे सरकारने कॉलेजला द्यावेत.

राहण्या-जेवण्याच्या रकमेचा पहिला हप्ता चवथीआधी द्या, बाकीचा दर महिन्याला. अर्जाची पूर्ण छाननी व्हायची असेल तर ती नंतर करा. मागच्या वर्षी पात्र ठरलेलं आणि पास झालेलं मूल या वर्षी एकदम श्रीमंत झालं असण्याची भीती किती धरायची? चुकून दिले गेले तर पुढच्या हप्त्यातून कापा.

उत्पन्नाचा दाखला अभ्यासक्रम संपेपर्यंत एकदाच घ्या, मधल्या वर्षांना स्वयंघोषणा चालवा. जूनमध्ये तालुक्याच्या कचेऱ्यांनी गावोगावच्या शाळांत शिबिर लावावं. आमची संगणकाची खोली आम्ही देऊ, चहाही देऊ. नावातल्या अक्षरांच्या फरकाला शाळेच्या मुख्याध्यापकाचं पत्र पुरेसं माना.

अर्ज सदोष ठरवला तर कारण लिहून कळवा आणि कॉलेजने फोन केल्याची नोंद ठेवल्याशिवाय कुणालाही बाद करू नका. कारण मराठीत किंवा कोकणीत लिहा. आमच्या राजभाषा कायद्यात दोन्हींना जागा आहे, ती फक्त पाट्यांपुरती नसावी.

गोव्यात सेवा वेळेत मिळण्याच्या हक्काचा कायदा २०१३ पासून आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज मिळाल्यापासून पैसे जमा होईपर्यंतचा प्रत्येक टप्पा त्याखाली मोजा: कॉलेजकडे किती दिवस, खात्याकडे किती, कोषागाराकडे किती, आणि उशीर झाला तर जबाबदार अधिकारी कोण. दर महिन्याला किती अर्ज कुठे अडले आहेत तो आकडा जाहीर करा. नावं नकोत, आकडा पुरे. आणि ठरल्या तारखेनंतर दिलेल्या रकमेवर बँकेच्या दराने व्याज द्या. सोसायटी आमच्याकडून घेते, सरकारने आम्हाला द्यावं.

उत्पन्नाच्या मर्यादेचा प्रश्न केंद्राचा आहे हे मला कळतं. पण राज्याच्या स्वतःच्या योजनांत मर्यादा आणि रक्कम ठरवणं तुमच्याच हातात आहे. पणजी, मडगाव, फोंडा इथे खोली घेऊन राहणाऱ्या ग्रामीण मुलींसाठी वेगळा निवास भत्ता सुरू करा, किंवा वसतिगृहं वाढवा. दोन्ही केलंत तर फारच चांगलं.

त्या मुलीच्या फीची मुदत या महिन्याअखेरीस संपते. आम्ही शिक्षिकांनी वर्गणी काढून ती भरायचं ठरवलं आहे, तेव्हा तिच्या एकटीसाठी फोन करू नका. पुढच्या रविवारच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा असा अर्ज मी पंचायतीत दिला आहे, पत्राची प्रत आमदारांनाही पाठवली आहे. इतर तालुक्यांतल्या शिक्षकांनी आणि पालकांनी आपापल्या ग्रामसभेत हेच मांडावं, अडलेल्या अर्जांची गाववार यादी करावी. तुमच्याकडून लेखी उत्तर आलं तर आम्ही ते शाळेच्या फलकावर लावू. त्यात पहिल्या हप्त्याची तारीख असावी.

आपली,
सत्तरी तालुक्यातील एक शिक्षिका